आजचा लीडर

कुलू खोऱ्याच्या वरच्या अंगाला, देवदाराच्या रानात एके ठिकाणी वाट फुटते. एक फाटा ओढ्याच्या काठानं खाली उतरतो, दुसरा चढून गवताळ पठाराकडे जातो. मे महिन्यातली सकाळ होती. आठ मुलं तिथे थांबली होती आणि नकाशा सतरा वर्षांच्या एका मुलीच्या हातात होता, कारण त्या दिवशी ती लीडर होती. मी सगळ्यांच्या मागे, पन्नासेक पावलांवर. तिनं नकाशा फिरवून पाहिला, दोघांना विचारलं आणि खालची वाट धरली. ती जास्त मळलेली दिसत होती. ही मेंढपाळांची पाण्यावर जायची वाट आहे आणि पुढे संपते, हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही.

चाळीस मिनिटांनी वाट पाण्यापाशी संपली. कुणी सॅक आदळली, कुणी "मी म्हणालो होतो" असं पुटपुटलं. ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "माझं चुकलं. इथेच पाणी भरून घेऊ, दहा मिनिटं बसू आणि परत वर जाऊ." परतताना तिनं सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाला पुढे घेतलं, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीनं चालतील. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुक्कामी पोचायला बराच उशीर झाला, तंबू अंधारता अंधारता लागले, खिचडी खाली लागली. रात्री सगळे गोल करून बसले तेव्हा ती म्हणाली, "वाट संपली तेव्हा मला रस्त्याची भीती नाही वाटली. सर, तुम्ही रागवाल याची वाटली."

मुलांना उन्हाळ्यात कुठल्या मोहिमेला पाठवावं, असं पालक विचारतात तेव्हा मला ही चाळीस मिनिटं आठवतात. हवा स्वच्छ होती, उजेड भरपूर होता आणि खालची वाट धोक्याची नव्हती, म्हणूनच मी गप्प राहू शकलो. मी "इकडे नको, तिकडे" एवढे तीन शब्द बोललो असतो, तर मुलं वेळेवर पोचली असती आणि त्या दिवसाबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणून मोहिमेचं माहितीपत्रक हातात आलं की खिंडीची उंची आणि बर्फातले फोटो बाजूला ठेवा. आयोजकांना आधी एवढंच विचारा, "तिथे मुलं स्वतः कोणते निर्णय घेतात?" उत्तर ठोस मिळालं, तर पुढचं बोलणं करण्यात अर्थ आहे.

रानात नेऊन तरुण मुलांना घडवायची ही रीत युद्धाच्या दिवसांत आकाराला आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिक महासागरात ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवत होत्या. जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आलं की, जहाज बुडाल्यावर जीवरक्षक होड्यांमध्ये धडधाकट पोरसवदा खलाशी लवकर हार मानतात आणि शिडाच्या जहाजांवर आयुष्य काढलेले वयस्कर खलाशी तग धरतात. ताकद असून टिकता येत नव्हतं. हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले शिक्षक कुर्ट हान यांनी स्कॉटलंडमध्ये शाळा काढली होती. या दोघांनी १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर, ॲबरडोव्ही इथे तरुणांसाठी जवळपास महिनाभराचं शिबिर सुरू केलं. नाव ठेवलं 'आउटवर्ड बाउंड', म्हणजे बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेलं जहाज.

पुढे अमेरिकेत पॉल पेट्झोल्ट यांनी या विचारात मोलाची भर घातली. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९२४ साली, ते ग्रँड टेटन शिखर चढले होते. १९३८ च्या केटू मोहिमेतही ते होते. १९६५ साली त्यांनी वायोमिंगमधल्या लँडर गावी 'नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल' काढलं. मोहिमा खराब हवेनं कमी आणि माणसांच्या आपसांतल्या वागण्यानं जास्त बिघडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून मोहिमेतली वागणूक हा त्यांनी दोरखंड आणि नकाशाइतकाच शिकवायचा विषय मानला. या शाळेत नेतृत्वाची चार रूपं सांगतात: नेमलेल्या लीडरचं नेतृत्व, बरोबरीच्यांनी एकमेकांना सावरून घेणं, मनापासून साथ देणं आणि स्वतःला सांभाळणं. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आठ जणांच्या गटात एका वेळी एकच लीडर असतो, उरलेल्या सातांना साथ द्यायची असते. वर्गात पहिली येणारी मुलं इथे हमखास अडखळतात, कारण दुसऱ्याचा निर्णय आपल्याला पटला नसतानाही त्याची सॅक उचलायला मदत करणं त्यांना कुणी कधी शिकवलेलं नसतं.

आपल्याकडे सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांसमोर ढोबळमानानं तीन पर्याय असतात. पहिला, युथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्थांचे हिमालयातले ट्रेक. कसोलहून निघणारा सार पास कितीतरी मराठी घरांना माहीत आहे. इथे तंबू आधीच लागलेले असतात, स्वयंपाकी असतात, रोज एक तुकडी एका कॅम्पहून पुढच्या कॅम्पला सरकते. खर्च आटोक्यात राहतो, अनोळखी चाळीस-पन्नास माणसांत मिसळावं लागतं आणि तुकडीचा लीडर सहभागी लोकांतूनच निवडला जातो. पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या मुलासाठी हे उत्तम. निर्णय मात्र फारसे घ्यावे लागत नाहीत, कारण वाट, वेळ, जेवण सगळं ठरलेलं असतं.

दुसरा पर्याय म्हणजे गिर्यारोहण संस्थांचा बेसिक कोर्स. तेनसिंग आणि हिलरी १९५३ साली एव्हरेस्टवर पोचल्यानंतर पुढच्याच वर्षी दार्जिलिंगची संस्था स्थापन झाली. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची. मनाली आणि पहलगाम इथेही अशा संस्था आहेत. जवळपास चार आठवडे दोर, गाठी, कातळ, बर्फ, हिमकुऱ्हाड यांत जातात. शिस्त लष्करी थाटाची असते, भल्या पहाटे उठून पळावं लागतं. सरकारी पाठबळामुळे शुल्क खासगी मोहिमांच्या मानानं कमी असतं आणि त्यामुळेच जागा लवकर भरतात; पुढच्या उन्हाळ्याचा विचार असेल तर आदल्या वर्षीच अर्जाकडे लक्ष ठेवा. किमान वयाची अट प्रत्येक संस्थेची आणि कोर्सची वेगळी आहे, ती संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. इथे मूल कौशल्य शिकतं, सोसायला शिकतं आणि दोरावर दुसऱ्याचा जीव आपल्या हातात असतो म्हणजे काय, हे त्याला अंगावर शहारे येऊन कळतं. पुढे डोंगरांत काही करायचं असेल, तर याला तोड नाही.

तिसरा पर्याय छोट्या मोहिमांचा. आठ ते बारा मुलं, दोन-तीन प्रशिक्षक, दहा-पंधरा दिवस. सामान आपलं आपण वाहायचं, तंबू आपण लावायचा, स्टोव्ह आपण पेटवायचा आणि रोज एक नवा लीडर. नेतृत्वासाठी म्हणून पाठवत असाल, तर माझं मत निःसंशय याच बाजूनं आहे. पण अशा मोहिमा सगळ्यात जास्त पारखून घ्याव्या लागतात. 'लीडरशिप कॅम्प' असा फलक लावून मुलांना नदीकाठच्या रिसॉर्टवर नेणारे आणि दोरीवरून दोन उड्या मारायला लावून प्रमाणपत्र देणारेही बरेच आहेत.

आयोजकांना काय विचारायचं

मुलांबरोबर प्रत्यक्ष कोण जाणार आहे, हे विचारा. संस्थेचे संस्थापक फोनवर कितीही छान बोलोत, डोंगरात ते नसतात. जाणाऱ्या प्रशिक्षकांनी बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केलेत का, शिकवण्याचा वेगळा कोर्स असतो तो केलाय का, रानातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी घेतलंय? गटात मुली असतील तर महिला प्रशिक्षक हवीच, यावर तडजोड नको. वनखात्याची परवानगी कुणाच्या नावानं आहे, तेही पाहा. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्यात आयोजकांची नोंदणी अपेक्षित आहे. राज्यातल्या आयोजकाकडे नोंदणीबद्दल विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही.

मग विचारा, "चौथ्या दिवशी रात्री मुलाच्या पोटात दुखायला लागलं तर काय कराल?" या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून मला आयोजक कळतो. जाणकार माणूस लगेच सांगतो की, त्या कॅम्पहून गाडीरस्ता किती तासांवर आहे, खाली आणायला माणसं किंवा खेचरं कुठून मिळतील, जवळचं रुग्णालय कुठलं, फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते. सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्यामुळे "आमच्याकडे सॅटेलाइट फोन आहे" असं कुणी सहज म्हणालं, तर परवानगीचा कागद मागा. "आजवर आमच्याकडे असं काही झालंच नाही" एवढंच उत्तर आलं, तर मी तिथे मूल पाठवणार नाही.

दिवसवार आराखडा मागवून घ्या आणि एका कागदावर रोजच्या मुक्कामाची उंची लिहा. ३,००० मीटरच्या वर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांमागे एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असं उंचीवरच्या आजारांचे जाणकार डॉक्टर सांगतात. सुट्टी कमी, शिखर मोठं, मग मधला विश्रांतीचा दिवस कापायचा, हा प्रकार सर्रास चालतो. आराखड्यात तो दिवस नसेल तर का नाही, हे विचारा.

उंचीचा त्रास धट्ट्याकट्ट्यांनाही होतो. रोज जिमला जाणारा मुलगा आडवा होतो आणि त्याची बारीकशी मैत्रीण मजेत चालत राहते. डोकं दुखणं, मळमळणं, भूक मरणं ही सुरुवात. या अवस्थेत आणखी वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरवायचं. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. आणि मुलाला दमा असेल, फिट येत असेल, नैराश्यावरचं औषध चालू असेल तर फॉर्मवर लिहा. "लिहिलं तर घेणार नाहीत" या भीतीनं लपवलेली गोष्ट प्रशिक्षकाला वर, थंडीत, मध्यरात्री कळते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पालक दरीला घाबरतात आणि नदीला विसरतात. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. गुडघाभर पाणी दिसत होतं आणि काही मिनिटांत काहीच दिसेनासं झालं. धरण नसलेल्या ठिकाणीही बर्फाच्या पाण्यावरचे ओढे सकाळी कमी असतात आणि उन्हानं बर्फ वितळू लागला की दुपारी फुगतात. ओढा ओलांडायचा असेल तर पहाटे निघायचं, हा हिमालयातला साधा नियम आहे. मुलांच्या हाती सोपवायचा निर्णय म्हणूनही तो फार चांगला. लीडरनं आदल्या संध्याकाळी ठरवायचं, उद्या किती वाजता उठायचं. एकदा आमचा गट स्लीपिंग बॅगमध्ये लोळत राहिला आणि ओढ्याशी पोचेपर्यंत साडेबारा वाजले. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. अर्थात मी त्यांना उतरू दिलं नाही. अलीकडेच तंबू टाकले आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची चाल केली. तिसऱ्या दिवशी साडेचारला कुणालाही उठवावं लागलं नाही. चूक करू द्यायची ती कुठपर्यंत, हे प्रशिक्षकाला कळत असेल तरच त्याच्या हाती मुलं सोपवावीत. म्हणूनच वरची सगळी चौकशी.

तयारी सह्याद्रीतच होते

बारावीचं वर्ष असेल तर सीईटी, जेईई, नीट यांत मे महिना उजाडतो आणि जूनच्या अखेरीस पाऊस हिमालयात पोचतो. मधे जेमतेम चार-पाच आठवडे मिळतात. अकरावीचा उन्हाळा त्या मानानं मोकळा. मला विचाराल तर अकरावीनंतरचा उन्हाळा या कामासाठी सगळ्यात चांगला: मूल पुरेसं मोठं असतं आणि अजून घरचं ऐकतं.

जानेवारीपासून तयारीला लागा. आठवड्यातून चार दिवस तासभर चालणं-पळणं, शनिवार-रविवारी एखादा डोंगर. पुणेकरांना सिंहगड हाताशी आहे. आतकरवाडीतून पाठीवर आधी पाच किलो, मग आठ, मग दहा असं वजन घेऊन चढायचं. मग एखाद्या पौर्णिमेच्या रात्री जाणत्या गटाबरोबर कात्रज ते सिंहगड. टेकड्यांमागून टेकड्या येत राहतात आणि अंधारात घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा ते शिकवतात. मुंबई-नाशिककडच्यांना कळसूबाई आहे. संजीवनी माचीवरून उतरून बुधला माचीवर चढणारी राजगड-तोरणा ही चाल एका दिवसात हसतखेळत झाली, तर अंगात पुरेसा दम आला असं समजा. मार्चनंतर सह्याद्रीत ऊन जीवघेणं होतं. पहाटे चढा, दहाच्या आत उतरा आणि पाण्यात हात आखडू नका. गावातल्या गिर्यारोहण संस्थेबरोबर जाणं केव्हाही चांगलं. पुण्याच्या गिरिप्रेमीसारख्या संस्था एव्हरेस्टपर्यंत जाऊन आल्या आहेत आणि त्यांची माणसं नवख्यांना पहिली गाठ मारायला शिकवायला आजही बसतात.

पूर्ण भरलेल्या सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहू द्या. बूट महिनाभर आधी घ्या आणि घालून फिरा. नवे बूट पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणतात आणि त्या फोडापायी पुढचे दहा दिवस जातात. सुती बनियन आणि जीन्स नको. घामानं भिजलेलं सुती कापड थंडीत अंगाला चिकटून राहतं. लोकरीचे मोजे, पटकन वाळणारे कपडे, अंगभर पोंचो, हेडटॉर्च, बाटल्या दोन. पाळी त्याच दिवसांत येणार असो वा नसो, मुलींनी पॅड आणि ते परत आणायला घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या न्याव्यात. आणि सॅक मुलानंच भरायची. आईनं नाही. कुठली वस्तू कुठे आहे हे अंधारात, पावसात, गारठलेल्या बोटांनी त्याला शोधायचं असतं.

स्वयंपाक घरी शिकवून पाठवा. मुलगे आणि मुली दोघांनाही. किमान वरण-भात, खिचडी, पोहे. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. साध्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी कच्ची राहते आणि राजमा तर शिजतच नाही. कुकर नेण्याचा कंटाळा करणाऱ्या गटाला हे पहिल्या रात्री कळतं. भुकेल्या गटाशी बोलायचं कसं, उरलेलं वाढायचं कुणाला आणि स्वतः शेवटी जेवायचं का, हे लीडर तिथे शिकतो.

आता मुलांशी थोडं. तिथे तुमच्यापैकी कुणीतरी सगळ्यात हळू चालणारं असेल, कदाचित तुम्हीच. सांगून टाका. डोकं दुखत असेल तर सांगा, पायाला चुरचुरलं तर फोड येण्याआधी थांबून पट्टी लावा, भीती वाटली तर तीही सांगा. आपल्यामुळे सगळे थांबतील म्हणून गप्प बसणारा मित्र पुढे सगळ्यांना जास्त वेळ थांबवतो. शौचाला पाण्यापासून किमान सत्तर पावलं लांब जा, सहा ते आठ इंच खड्डा करा आणि बुजवा. खाली गावं तेच पाणी पितात. पाठीवर सामान घेऊन तुमच्या आधी कॅम्पवर पोचलेल्या माणसाला नाव विचारा आणि तुमचं सांगा. आणि तुमची लीडर व्हायची पाळी येईल तेव्हा रात्रीच्या बैठकीत आधी आज माझं काय चुकलं, हे बोला. मग बाकीचे खरं बोलतात.

पालकांनी एक पथ्य पाळायचं. मोहीम चालू असताना रोज फोन करू नका, आयोजकाकडून रोज फोटो मागू नका. रोज रात्री आईला "जेवलास का" याचं उत्तर द्यायचं असेल, तर मूल अर्धं घरीच राहतं. आणि ते परत आलं की आठ दिवस त्याला सोडून द्या. ते चिडचिडं होईल, पलंगाऐवजी जमिनीवर झोपेल, पाण्याचा नळ सुरू राहिला तर तुम्हालाच बोलेल. मग त्याच्या हातात घरातली एखादी खरी जबाबदारी द्या: गावाला जायची तिकिटं, आजोबांची डॉक्टरकडची फेरी, दिवाळीच्या सहलीचा सगळा बेत. त्यात चूक झाली तर मधे पडायची घाई करू नका.

नकाशा हातात धरलेल्या त्या मुलीच्या वडिलांचा दिवाळीनंतर फोन आला होता. घरचे सगळे मिळून सिंहगडावर गेले होते. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून तिला खालीच बसवायचं ठरत होतं. मुलगी म्हणाली, आत्या पुढे चालेल, आपण सगळे तिच्या मागे. कुणी पुढे जायचं नाही. आतकरवाडीतून वर पोचायला अडीच तास लागले.